नारिंगी ठिपका

ड्रिफील्डच्या ओढ्यात पाणी इतकं नितळ
की मासा आपल्याला आधी बघतो, मग आपण त्याला,
आणि तोवर नुसती सावली उरलेली असते
खडूच्या पांढऱ्या तळावर.

मी दात करते. म्हणजे करायचे,
बत्तीस वर्षं, स्टेशनमागच्या लॅबमध्ये,
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
विल्फ्रेड ऑक्सटोबी हे शेवटचं मोठं काम :
वरची अख्खी कवळी.
चार वेळा परत आणली त्यानं.
बसत नाही म्हणून नव्हे, फार सरळ आहे म्हणून.
"हा पुढचा वाकडा होता, मिसेस कॅल्डर.
वाकडाच हवा."
खळदकर त्याच्या तोंडात कधी बसलं नाही,
जुन्या दातांनी नाही, नव्यांनीही नाही.
त्यानं मला यॉर्कशायरमधल्या एका नदीचं नाव देऊन टाकलं.
"सरळ दातांच्या माणसाशी एनिड बोलत नाही.
कोण आलंय घरात, म्हणते."

मग मी कानस घेतली,
एक दात दीड मिलिमीटर फिरवला,
कडेला चहाचा डाग रंगवला.
पैसे घेतले नाहीत.
बदल्यात त्यानं मला झिंगा बांधायला शिकवलं.

सोळा नंबरचा गळ, पाठीत वाकलेला,
त्याचं कुसळ चिमट्यानं दाबलेलं.
पोटाशी शिशाची तार,
मेण लावलेल्या दोऱ्यावर वळलेली सशाच्या कानाची लव,
पाठीवर पावाच्या पिशवीची पट्टी,
वरून तांब्याच्या तारेचे सात वेढे, ती पेरं.
मग सुईनं लव खालून उसकायची. झाले पाय.
रेवदंड्याच्या आत्यानं बघितलं असतं तर म्हणाली असती,
एवढासा जवळा, आणि दिवस घालवलास?

हात माझे तयारच होते.
महिन्याभरात माझे झिंगे त्याच्याहून सरस,
भिंगाखाली धरून त्यानंच कबूल केलं.
आणि मासे?
मासे यायचे, जवळून बघायचे, बाजूला व्हायचे,
मुलगी बघायला आलेल्या लोकांसारखे :
कळवतो.

सप्टेंबरात विल्फनं ओढ्यातला एक दगड उलटला.
बशीत पाणी, पाण्यात खरे झिंगे, कुशीवर पोहणारे,
राखाडी, शेवाळी,
आणि त्यात एक, पोटात नारिंगी ठिपका घेऊन
उजेडाकडे निघालेला,
जिकडे शहाणा झिंगा जात नाही.
"आजारी आहे," तो म्हणाला. "आत किडा आहे.
किडाच त्याला वर नेतो. माशाच्या तोंडी."

त्या रात्री माझ्या सुबक झिंग्यात
मी नारिंगी रेशमाचा एक टाका घातला.
हात कापला नाही. फक्त मनात आलं,
आता रोगही हुबेहूब करायला लागलो.

रविवारी, गिरणीखालच्या वळणावर,
तिसऱ्या फेकीला दोरीचं टोक थबकलं.
झटका नाही, काही नाही.
बोलता बोलता कुणी थांबावं तसं.
मग काठी मुठीपर्यंत जिवंत.

जाळीत घेतला, ओल्या हातांनी.
जबड्याच्या कोपऱ्यात माझा ठिपका.
सोडवला, तरी गेला नाही लगेच,
प्रवाहाकडे तोंड करून
माझ्या बोटांत उभा राहिला दम खात.

मी विल्फला हाक मारायला वळले.
तो काठावर, एनिडच्या चाकाच्या खुर्चीपाशी
गुडघे मोडून बसलेला, हातात अर्धं बिस्किट.
ती त्याच्या तोंडाकडे बघत होती,
पुढे, मागे, परत पुढे.
मग बोट लावलं तिनं त्या वाकड्या दाताला.
काहीतरी म्हणाली.
पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही,
आणि विल्फनं नंतर सांगितलंही नाही.
तो आ वासून तसाच राहिला,
दाताच्या डॉक्टरकडे राहतात तसा,
हललं तर उडून जाईल असं.

मासा माझ्या हातून कधी गेला, कळलं नाही.